साहेबाच्या शब्दाचे दोन अर्थ



कापडाच्या दुकानात दुकानदार सांगतो, ‘घ्या, फास्ट कलर आहे.’ म्हणजे रंग पक्का आहे, धुतला तरी जागचा हलणार नाही. तिथून आपण एसटी स्टँडवर येतो. कंडक्टर ओरडतो, ‘चला, फास्ट गाडी आहे.’ म्हणजे ही गाडी मधे कुठे थांबणार नाही, पळत सुटेल. एक फास्ट हलत नाही म्हणून चांगला, दुसरा फास्ट थांबत नाही म्हणून चांगला. आणि एखादा पुढारी ‘फास्ट’वर बसला असे इंग्रजी वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा तो तिसराच फास्ट, उपोषणाचा.

इंग्रजीत असे शब्द पुष्कळ आहेत. कृषी महाविद्यालयात आम्हाला ‘डस्टिंग’ शिकवले. पिकावर गंधकाची भुकटी धुरळायची ते डस्टिंग. घरी कपाटावरची धूळ झटकायची तेही डस्टिंग. एकात भुकटी टाकायची, दुसऱ्यात काढायची. ‘सीड’ म्हणजे बी पेरणे आणि ‘सीड’ म्हणजेच फळातले बी काढून टाकणे. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूक. देखरेखीसाठी कमिटी नेमली तरी ओव्हरसाइट, आणि त्याच कमिटीच्या डोळ्यांदेखत घोटाळा झाला तरी ओव्हरसाइट! साहेबाची भाषा सोयीची खरी.

इथपर्यंत गंमत आहे. पण असेच दुहेरी शब्द आपल्या कर्जाच्या कागदावर, विम्याच्या पावतीवर आणि कापसाच्या भावपत्रकावर बसलेले आहेत. तिथे कोणता अर्थ चालणार हे टेबलापलीकडे बसलेला माणूस ठरवतो, आणि त्याची किंमत टेबलाअलीकडचा माणूस मोजतो. या लेखात एवढेच दाखवायचे आहे.

सँक्शन आणि इंटरेस्ट

‘लोन सँक्शन झाले’ म्हटले की घरात आनंद होतो. सँक्शन म्हणजे मंजुरी. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाले आणि अमेरिकेने भारतावर ‘सँक्शन्स’ लादल्या. तिथे सँक्शन म्हणजे निर्बंध. बँकेचे सँक्शन पैसा देते, अमेरिकेचे सँक्शन पैसा अडवते. असे कसे झाले? हा शब्द मूळचा लॅटिन. एखादी गोष्ट पवित्र ठरवून पक्की करायची, कायदा पक्का करायचा, असा त्याचा अर्थ. कायद्याने मान्यता दिली ती सँक्शन झाली आणि कायदा मोडणाऱ्याला ठेवलेली शिक्षा तीही सँक्शन झाली.

बँकेच्या मंजुरीपत्रात हे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात. पहिल्या पानावर रक्कम असते. मागच्या पानांवर हप्ता चुकला तर काय दंड, तारण काय, जामीनदाराची मान किती अडकली, हे असते. आपण पहिले पान बघतो आणि शेवटच्या पानावर सही करतो. मधली पाने पुढे वसुलीच्या वेळी उघडतात. शिवाय मंजुरी म्हणजे वाटप नव्हे. मंजुरी जूनमध्ये आणि पैसा ऑगस्टमध्ये आला तर तोपर्यंत पेरणी सावकाराच्या पैशावर उरकलेली असते.

दुसरा शब्द ‘इंटरेस्ट’. याचा एक अर्थ हित, दुसरा व्याज. शेतकऱ्याचा ‘इंटरेस्ट’ जपू, असे मंत्री सभेत म्हणतात तेव्हा ते हिताचे बोलतात. बँकेने तो शब्द आपल्या अर्थाने घेतला आणि इमानदारीने जपला! या शब्दाची जन्मकथा तर ऐकण्यासारखी आहे. मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती धर्मसत्तेने व्याज घेणे पाप ठरवले होते. पण पैसे वेळेवर न आल्याने देणाऱ्याचे जे नुकसान होई, त्याची भरपाई मागायला मुभा होती. त्या भरपाईला लॅटिनमध्ये ‘इंटरेसे’ म्हणत. म्हणजे जे नाव नुकसानभरपाईचे होते तेच पुढे व्याजाला चिकटले. आज कोरडवाहू शेतात नुकसान शेतकऱ्याचे होते, आणि इंटरेस्ट भरणाराही तोच असतो.

पॉलिसी: हातातली आणि दिल्लीतली

‘पॉलिसी’ या शब्दाची कथा वेगळी आहे. एका शब्दाला दोन अर्थ फुटले, असे इथे झालेले नाही. दोन वेगळे शब्द एकाच उच्चारावर येऊन बसले आहेत. सरकारची पॉलिसी म्हणजे धोरण. तो शब्द ग्रीक ‘पोलिस’, म्हणजे नगर किंवा राज्य, यावरून आला. विम्याची पॉलिसी आली इटालियन ‘पोलिझ्झा’वरून, आणि त्याचे मूळ ज्या ग्रीक शब्दात आहे त्याचा अर्थ पुरावा.

हा फरक नीट लक्षात ठेवा. आपल्या हातातली पॉलिसी हा पुरावा आहे, करार आहे. हप्ता भरला, जोखीम ठरली, ती आता कोणी एकतर्फी बदलू शकत नाही. दिल्ली-मुंबईतली पॉलिसी हे धोरण आहे, ते हंगामागणिक बदलते. प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप २०१६ पासून सुरू झाली. शेतकऱ्याने विमा रकमेच्या खरीप अन्नधान्याला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के हप्ता भरायचा असे ठरले. महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा आला. खरीप २०२५ ला तो बंद झाला, हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर आणून ठेवली.

धोरण बदलण्याचा अधिकार सरकारला आहे, त्यावर भांडण वेगळे. पण गावात काय होते? शेतकरी विचारतो, ‘माझ्या पॉलिसीचे काय झाले?’ उत्तर मिळते, ‘पॉलिसी बदलली.’ प्रश्न कराराचा होता, उत्तर धोरणाचे आले. शब्द एकच असल्यामुळे उत्तर मिळाल्यासारखे वाटते आणि माणूस परत फिरतो. यापुढे परत फिरायचे नाही. ‘कोणती पॉलिसी बदलली? मी हप्ता भरला त्या दिवशीच्या करारात काय लिहिले होते ते दाखवा,’ असे विचारायचे.

यील्ड: कोणाचे उत्पादन?

रस्त्यावर अमेरिकेत ‘यील्ड’ अशी पाटी असते. तिचा अर्थ, समोरच्याला वाट दे, माघार घे. शेतीच्या पुस्तकात ‘यील्ड’ म्हणजे एकरी उत्पादन. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता देणे चुकते करणे. जमीन आपले देणे चुकते करते ते उत्पादन, आणि हरलेला माणूस जे देऊन टाकतो ती शरणागती. विम्याच्या कागदावर यील्ड हा शब्द वाचताना दोन्ही अर्थ मनात ठेवलेले बरे.

कारण तिथे आणखी एक फाटा फुटतो. शेतकरी यील्ड म्हणतो तेव्हा तो आपल्या वावरातल्या मालाबद्दल बोलतो. विम्याचे यील्ड म्हणजे अधिसूचित क्षेत्राची, बहुधा महसूल मंडळाची, सरासरी. ती ठराविक प्लॉटवर झालेल्या पीक कापणी प्रयोगांतून निघते. त्या सरासरीची तुलना ‘उंबरठा उत्पादना’शी करतात. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे, की उंबरठा मिळतो.

हिशेब करून पाहू. समजा, एका मंडळात ज्वारीचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन १०, ४, ९, ८, ३, ११ आणि ७ क्विंटल असे आहे. चांगली पाच वर्षे १०, ९, ८, ११ आणि ७. त्यांची बेरीज ४५, सरासरी ९. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा ६.३ क्विंटल. यंदा मंडळाची सरासरी ६.५ आली, तर ९ वरून ६.५ पर्यंत घसरूनही भरपाई शून्य. सरासरी ४.२ आली तर उंबरठ्यापेक्षा २.१ कमी, म्हणजे एक तृतीयांश तूट, म्हणून विमा रकमेच्या एक तृतीयांश भरपाई. तुमच्या वावरात २ क्विंटल पिकले की काहीच पिकले नाही, याला या हिशेबात जागा नाही.

ही पद्धत चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो. वावर-वावर मोजत बसणे सोपे नाही, हेही मान्य. पण हप्ता घेताना ‘तुमच्या पिकाचा विमा’ म्हणायचे आणि भरपाई देताना ‘मंडळाचे यील्ड’ काढायचे, हा शब्दांचा खेळ चालू द्यायचा नाही. उंबरठा किती आणि कापणी प्रयोग कुठे होणार, हे पेरणीच्या वेळीच चावडीवर मराठीत लागले पाहिजे.

स्टेपल आणि सबसिडी

आता कापूस आणि ज्वारी दोघांच्याही गळ्यात बांधलेला एक शब्द पाहा, ‘स्टेपल’. ज्वारी आपले ‘स्टेपल फूड’, म्हणजे रोजचे मुख्य अन्न. कापसात ‘स्टेपल’ म्हणजे धाग्याची लांबी. या लांबीचा हिशेब मिलिमीटरमध्ये आणि पैशात होतो. हमीभाव मध्यम धाग्याला वेगळा आणि लांब धाग्याला वेगळा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाले. मध्यम म्हणजे साडेचोवीस ते साडेपंचवीस मिलिमीटर, लांब म्हणजे साडेएकोणतीस ते साडेतीस. आपला कापूस कोणत्या स्टेपलचा, या एका शब्दावर क्विंटलला ४०० रुपये अवलंबून आहेत. ती लांबी मोजताना आपल्यापैकी कितीजण हजर असतात?

या शब्दाचा इतिहास इंग्लंडच्या लोकरीशी जोडलेला आहे. चौदाव्या शतकात ‘स्टेपल’ म्हणजे राजाने ठरवून दिलेली पेठ. परदेशी जाणारी लोकर त्याच पेठेतून जावी, म्हणजे जकात चुकणार नाही, असा बंदोबस्त. १३५३ मध्ये तसा कायदा झाला आणि १३६३ मध्ये ही पेठ समुद्रापलीकडे कॅले गावी नेली. ज्याचा मुख्य व्यापार चाले तो माल ‘स्टेपल’, आणि त्यावरून मुख्य अन्न तेही स्टेपल. हे वाचताना विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणालाही एकाधिकार कापूस खरेदी आठवेल. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा झाला, १९७२ पासून खरेदी सुरू झाली, आणि राज्यातला कापूस दुसऱ्या कोणाला विकण्यास शेतकऱ्याला मनाई झाली. सहाशे वर्षांचे अंतर आहे, पण नाक्यावर उभा असलेला शिपाई ओळखीचा वाटतो.

याच लोकरीच्या व्यापारातला दुसरा शब्द ‘सबसिडी’. आज सबसिडी म्हणजे सरकारने दिलेले अनुदान. त्या काळच्या इंग्लंडात सबसिडी म्हणजे राजाच्या मदतीसाठी पार्लमेंटने मंजूर केलेला कर. लोकरीच्या गोणीवर सबसिडी बसवली याचा अर्थ लोकरीवर कर बसवला. मदत कोणी कोणाला करायची, एवढाच फरक. आपल्याकडे हा शब्द दोन्ही अर्थांनी एकाच वेळी चालतो. खताच्या पोत्यावर सबसिडी लिहिलेली असते. तिकडे निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा आणि हंगामात आयात, अशा वाटांनी भाव पाडला की तेवढी रक्कम शेतकऱ्याच्या खिशातून जाते. तीही सबसिडीच, फक्त जुन्या अर्थाची.

जागतिक व्यापार संघटनेत तर हा शब्द आणखी उलटापालटा होतो. शेतीवरचा करार १९९५ पासून लागू झाला. त्यात हमीभावाची तुलना १९८६-८८ च्या आंतरराष्ट्रीय भावाशी करतात. फरकाला ‘पात्र उत्पादना’ने गुणले की सबसिडी निघते. त्या पायाभूत वर्षांचा भारताने मांडलेला हिशेब उणे निघाला होता. म्हणजे आमच्या शेतकऱ्याला सबसिडी मिळत नव्हती, उलट त्याच्याकडून घेतली जात होती, हे खुद्द सरकारच्या आकड्यांनी सांगितले. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच संघटनेत मांडले की भारत कापसाला १० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त सबसिडी देतो. भारताचे आकडे मर्यादेच्या आतले होते.

एवढा फरक कशातून आला? एक कारण चलनाचे, हिशेब डॉलरमध्ये की रुपयात. दुसरे कारण ‘पात्र’ या शब्दाचे. भारत म्हणतो, सरकारने जेवढा माल खरेदी केला तेवढाच पात्र. अमेरिका म्हणते, देशात पिकला तेवढा सगळा पात्र. आता असे धरा की बाजारात भाव हमीभावाखाली आहे, खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग आहे, आणि तुम्ही कंटाळून खेडा खरेदीवाल्याला कमी भावात कापूस घालता. अमेरिकेच्या हिशेबात तुमचा तो क्विंटलसुद्धा सबसिडी खाल्लेला धरला जातो! आणि हीच अमेरिका स्वतःच्या कापसाच्या सबसिडीबद्दल ब्राझीलशी याच संघटनेत हरली. २००२ मध्ये सुरू झालेला तो खटला २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला.

आपल्या भाषेत असे शब्द नाहीत का?

आहेत, भरपूर आहेत. ‘उतारा’ हाच शब्द घ्या. सातबाराचा उतारा तलाठ्याकडे मिळतो, कापसाचा एकरी उतारा वावरात मिळतो, आणि सापाच्या विषावर उतारा दवाखान्यात मिळतो. ‘भाव’ देवाच्या ठायी असतो आणि बाजारातही असतो, निदान असावा अशी अपेक्षा असते. ‘खंड’ म्हणजे जमिनीचा मक्ता आणि पावसातली उघडीपसुद्धा. तेव्हा दोन अर्थ असणे हा काही इंग्रजीचा गुन्हा नाही. प्रत्येक जिवंत भाषेत असे होते. कोणी कट करून हे शब्द बनवलेले नाहीत.

फरक असा की ‘उतारा’ म्हटल्यावर कोणता उतारा, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. सगळे अर्थ आपल्या घरचे आहेत. एखाद्याने चलाखी केली तर जागेवर पकडता येते. इंग्रजी कागदावर आपल्याला एकच अर्थ ऐकवला जातो, तोही तोंडी, आणि दुसरा अर्थ कागदात दडून बसतो. भांडण झाले की तोंडी अर्थ हवेत विरतो आणि कागदावरचा उभा राहतो.

सुप्याची आठवण

कागदाशी शेतकऱ्याचे हे वैर जुने आहे. ‘बाँड’ म्हणजे कर्जरोखा आणि ‘बाँड’ म्हणजे बंधन. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर गेले. त्यांनी मागितले ते रोखे, खतपत्रे आणि हिशेबाच्या वह्या, आणि हाती आले ते जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. आपल्याला कशाने बांधले आहे हे त्या निरक्षर माणसांना पक्के ठाऊक होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. शेतकऱ्याने लिहून दिलेले खत गावच्या सरकारी नोंदणीदारासमोर झाले पाहिजे, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही एवढे पटले होते की न वाचता आलेल्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. आज अंगठ्याच्या जागी सही आली, सहीच्या जागी मोबाइलवरचा आकडा आला. कागद मात्र तसाच राहिला.

मागायचे काय?

महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ चा आहे, मराठी राज्यकारभाराची भाषा आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले की किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदती कर्जांत मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे आणि समजावून सांगावे. ही गोष्ट पीककर्जाच्या प्रत्येक कागदाला लागू झाली पाहिजे. या बैठकीत ठराव करताना चार मागण्या मांडाव्यात.

पहिली, कर्ज, विमा आणि खरेदीचा प्रत्येक कागद मराठीत असावा आणि वाद झाला तर मराठी मजकूर प्रमाण मानावा. नुसते भाषांतर जोडून ‘इंग्रजी मजकूर ग्राह्य’ अशी ओळ खाली टाकलेली चालणार नाही.

दुसरी, कागदातल्या प्रत्येक कळीच्या शब्दाची व्याख्या त्याच कागदावर द्यावी. उत्पादन म्हणजे कोणाचे, मंजुरी म्हणजे किती दिवसांत वाटप, हे लिहून द्यावे.

तिसरी, कापसाची धाग्याची लांबी आणि ओलावा शेतकऱ्यासमोर मोजावा आणि त्याची नोंद पावतीवर यावी.

चौथी, उंबरठा उत्पादन आणि कापणी प्रयोगाची जागा पेरणीच्या वेळी चावडीवर लावावी.

आणि एक काम कोणाकडे न मागता करायचे. गावातली शिकलेली पोरे आणि मुली कॉलेजात इंग्रजी शिकतात. त्यांना बापाच्या नावचे एक मंजुरीपत्र आणि एक विम्याची पावती घेऊन बसवा. न कळणारा प्रत्येक शब्द वहीत लिहून त्याच्यासमोर सगळे अर्थ लिहू द्या. ती वही पुढच्या जिल्हा बैठकीला आणा. बँकेत सही करण्याआधी टेबलावर ती वही उघडा आणि विचारा, ‘साहेब, यातला कोणता अर्थ?’ साहेब जो सांगेल तो त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या, खाली तारीख टाका, आणि मग पेन उचला.